सांगलीच्या पूरपट्ट्यात लोरा मेश आणि हॅम रेडिओचा दुवा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पूर आला की आधी वीज तोडतात, मग मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. अशा वेळी गावातल्या गावात निरोप फिरवायला मेशटॅस्टिकचे नोड, म्हणजे लोरा या कमी विजेच्या रेडिओवर एकमेकांचे निरोप पुढे ढकलणारी छोटी यंत्रं. अशा नोडचं जाळं म्हणजे मेश. आणि हरिपूरचा मेश भिलवडीच्या मेशला जोडायला हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओ, अशी ही मांडणी.

नोड 865 ते 867 मेगाहर्ट्झवर चालतात, परवाना लागत नाही. ॲपमध्ये रीजन (आपल्या देशाची फ्रिक्वेन्सी) निवडल्याशिवाय नोड काही पाठवतच नाही. अँटेना न लावता मात्र चालू करू नका, आउटपुटची चिप जाते. बोर्ड घेताना ईएसपी 32 चिपचा स्वस्त पडतो, पण तो सुमारे 100 मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे 3000 एमएएचचा सेल जेमतेम सव्वा दिवस. एनआरएफ 52840 चिपवाला साधारण दहाव्या हिश्श्यात भागवतो. पुराच्या आठवड्यात ऊन नसतं, सोलर पॅनेलवर विसंबू नका. एनआरएफच घ्या.

ऑगस्टपर्यंत ऊस डोक्यावर जातो आणि ओल्या पाल्यात हा सिग्नल जिरतो. कुंपणाच्या खांबावरचा नोड मेमध्ये छान चालतो आणि नेमका पावसात मुका होतो. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्याही वर अँटेना न्या. केबल नोडच्या बॉक्समध्ये खालूनच घ्या आणि बाहेर तिला एक झोळ द्या. सांध्यावर रबराची सेल्फ-फ्यूजिंग टेप हवी. साध्या इन्सुलेशन टेपखाली पाणी शिरतं. कनेक्टर उघडला की मधली पिन हिरवी दिसते.

हॅमच्या दुव्यासाठी रास्पबेरी पाय (छोटा संगणक), यूएसबी साउंड कार्ड, डायरवुल्फ (मजकुराची पॅकेटं आवाजात आणि आवाजाची परत मजकुरात बदलणारं सॉफ्टवेअर) आणि 5 वॉटचा हॅम हँडसेट. हँडसेटची रबरी अँटेना काढून गच्चीवर 49 सेंटिमीटरची उभी सळई आणि खाली चार तिरक्या सळया लावा, 145 मेगाहर्ट्झला हे माप बसतं. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो व्हॉक्सने, म्हणजे आवाजावर आपोआप ट्रान्समिट करण्याच्या सोयीने. आवाज ओळखून ट्रान्समीटर चालू होईपर्यंत पॅकेटचं तोंडच कापलं जातं आणि पलीकडे काहीच उमटत नाही. पीटीटी (हँडसेटचं बोलायचं बटण) ट्रान्झिस्टरने ओढा, टीएक्स-डिले, म्हणजे पॅकेटआधीची थांबण्याची वेळ, 40 ठेवा (म्हणजे 400 मिलिसेकंद) आणि येणाऱ्या आवाजाची पातळी डायरवुल्फमध्ये 50 च्या आसपास आणा. ट्रान्समिट करताना साउंड कार्ड गायब होत असेल तर यूएसबी केबलवर फेराइटचं (रेडिओचा गोंगाट अडवणारं) कडं चढवा.

मेशवरचं सगळं आपोआप हॅमवर ढकलणारी स्क्रिप्ट बंद केली, ते बरंच झालं. नोड आपली जागा आणि बॅटरी सतत सांगत असतात. हॅमच्या 1200 बॉडच्या (सेकंदाला 1200 बिट, म्हणजे फार संथ) वाटेवर तीच गर्दी होते आणि कामाचा निरोप अडकतो. शिवाय हॅमवर सांकेतिक मजकूर चालत नाही आणि मेशचा चॅनेल तर कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) असतो. म्हणून परवानाधारकाने निरोप वाचायचा, मगच पुढे सोडायचा. हा माणूस मधून काढू नका.

देवनागरी महाग पडते. ‘बोट हवी’ला 19 बाइट लागतात, तेच रोमन लिपीत 8. मेशवर सुमारे 200 बाइट मावतात, पण एपीआरएसच्या, म्हणजे हॅमवर छोटे निरोप पाठवायच्या पद्धतीच्या, एका निरोपात 67. म्हणून दुव्यावर रोमन लिपी आणि ठरलेला क्रम: गाव, पाण्याची पातळी, माणसं, गरज, वेळ. मेशवर लोकांना मराठीतच लिहू द्या, घाबरलेल्या माणसाला लिपी बदलायला लावू नये.

भिलवडीच्या टोकाला परवानाधारक एकच आहे. पाळी बदलायला दुसरा तयार होईपर्यंत तिथला दुवा रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तासच चालू ठेवतो.