तानपुरा घेऊन मिरजेला

वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी परवा जिन्यात थांबवून विचारलं, "काकू, पहाटे तुमच्याकडे दुसरं कुणी गायला येतं का? आवाज तुमचाच वाटतो, पण मागे काहीतरी वेगळं वाजतंय." गाते मीच. मागे वाजतो तोही माझाच, म्हणजे आईचा तानपुरा. फक्त तो आता मिरजेहून नीट होऊन आलाय. छतातून वरच्या घरापर्यंत फरक पोचला हे ऐकून मला इतका आनंद झाला की भाजीची पिशवी हातात तशीच धरून मी अर्धा तास जिन्यातच बोलत उभी राहिले.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत संध्याकाळी बाकांवर जमलं की कुणाची भाजणी खमंग, कुठली मिसळ घशाला लागते, गणपतीत या वर्षी कुणाचा वाद्यवृंद आणायचा, अशाच गप्पा चालतात. त्यात या आठवड्यात तिघींनी तानपुऱ्याचं विचारलं. एकीच्या घरी सासूबाईंचा तानपुरा माळ्यावर पडलाय, एकीची मुलगी गाणं शिकतेय आणि फोनमधल्या तानपुऱ्यावर बसते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी माझ्या तानपुऱ्याचं काय बिघडलं होतं ते. आई त्याला तंबोराच म्हणायची. तिनं तो लग्नानंतर मिरजेहून मागवला होता आणि पन्नासेक वर्षं तो घरात रोज वाजला. चार वर्षांपूर्वी एका कार्यक्रमासाठी मी तो मालवाहतूक सेवेनं पुढे पाठवला, तेव्हा भोपळ्याला बोटभर चीर गेली. ती बुजवायला मुंबईतल्या एका दुकानात दिला. त्यांनी चीर तर धड बुजवली नाहीच, वर न विचारता घोडी, म्हणजे तारांखालचा हाडाचा आधार, घासून सपाट करून ठेवली. तिथून परत आला तो मुका होऊन आला. तार छेडली की टणकन आवाज यायचा आणि लगेच विझायचा. जवारी, म्हणजे घोडीवरून उठणारा तो झंकार, गेलेला तानपुरा कसा लागतो हे ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल. स्वर बरोबर असतो, पण त्यात बसायला जागा नसते. मी दोन वर्षं तशीच रेटली आणि आपलाच गळा बिघडला असं समजत राहिले.

मिरजेला जायचं ठरवलं ते दिवाळीनंतर. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालं की पहाटे मिरज येतं. स्टेशनवर गरम उप्पीट आणि चहा घेतला आणि उजाडल्यावर रिक्षावाल्याला "सतारमेकर गल्ली" एवढंच सांगितलं. मांडीवरची तानपुऱ्याची गवसणी बघून त्यानं पुढे काही विचारलंच नाही.

गल्ली बघायला फार मोठी नाही. पण दारादारातून भोपळे लटकतायत, ओसरीवर कुणी दांडी तासतोय, कुणी तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, नक्षी जडवतोय, आणि सगळीकडे लाखेच्या पॉलिशचा वास. पाट्यांवर आडनाव एकच, सतारमेकर. या घराण्यांचं मूळ काम हत्यारांना धार लावण्याचं, म्हणून शिकलगार. मिरजेवर पटवर्धनांचं राज्य होतं. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम कमी झालं, तेव्हा फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता ती बनवायला सुरुवात केली आणि कामावरूनच आडनाव बदललं. पोलादाला धार लावणारे हात तारेखालची घोडी घासू लागले. मला वाटतं, जवारी काढणं हे मुळात धार लावण्याच्याच जातीचं काम आहे, आणि या गल्लीत ते इतकं चांगलं होतं त्यामागे हेही असावं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची कात्रणं इथे बऱ्याच दुकानांत चौकटीत लावलेली दिसतात.

मी कुठल्या दारात गेले ते मुद्दाम लिहीत नाही. हे वाचून सगळ्यांनी एकाच दुकानात रांग लावावी असं मला वाटत नाही, बाजूच्या दारांतही याच घराण्यांतले हात काम करतायत. आत जाऊन तानपुरा समोर ठेवा आणि बघा. कारागिरानं आधी तारा छेडून ऐकलं तर तिथे बसा. आधी पॉलिशचा भाव सांगितला तर पुढच्या दारात जा.

आम्हाला भेटलेले चाचा सत्तरीच्या आसपासचे. त्यांनी गवसणी काढली, भोपळ्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, मग चारही तारा एकदा सावकाश छेडल्या आणि डोळे मिटून बसले.

"ताई, हिची घोडी कुणी घासलीया?"

मी सांगितलं.

"सपाट केलीया पार. तुमचा स्वर कुठला?"

"काळी चार."

"आणि ही वाजत होती काळी पाचला. होय का नाही?"

मी थक्क झाले. काळी चार, काळी पाच म्हणजे पेटीवरच्या काळ्या पट्ट्या, गाणाऱ्याचा सा त्यांवरून सांगतात. आई काळी पाचला गायची, आणि मीही पन्नाशीपर्यंत काळी पाचलाच गात होते. आता वयानं गळा खाली आलाय. पण तारा मात्र मी त्याच जाडीच्या चढवत आले होते. त्याच तारा खालच्या स्वराला उतरवल्या की सैल पडतात, लडबडतात आणि घोडीवर नीट बसत नाहीत. म्हणजे दोष निम्मा त्या दुकानाचा आणि निम्मा तारांचा होता. दोन वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. चाचांनी तारा बदलून एका नंबरनं जाड घातल्या: पंचम आणि जोडीच्या (मधल्या साच्या) दोन्ही पोलादी, खर्जाची (खालच्या साची) पितळी.

मग जवारी. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तानपुऱ्याची घोडी वरून सपाट नसते, तिला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार त्या उतारावरून जाताना घोडीला हलकेच घासत राहते आणि त्यातून तो झंकार उठतो. उतार कमी-जास्त झाला की आवाज बिघडतो, कधी मुका होतो, कधी पत्र्यासारखा खरखरतो. मधली नेमकी जागा कागदाच्या जाडीहूनही बारीक असते आणि ती मोजायला कुठलं यंत्र नाही. चाचा तार बाजूला सारायचे, बारीक कानस दोनदा फिरवायचे, घासकागदानं गुळगुळीत करायचे, तार परत जागेवर आणून स्वर लावायचे आणि ऐकायचे. मग पुन्हा तेच. एकेका तारेला असं सात-आठ वेळा. घोडी उंटाच्या हाडाची आहे. पूर्वी हस्तिदंताच्या असायच्या, त्या कायद्यानं बंद झाल्या. हल्ली शिसवी आणि कृत्रिम घोड्याही बसवतात. मला त्यांनी दोन्ही ऐकवल्या. शिसवीचा आवाज गोल आहे आणि ज्यांना सौम्य तानपुरा आवडतो त्यांनी तो जरूर ऐकावा. मी मात्र आईचीच घोडी ठेवली. तिच्यात अजून घासण्याइतकी जाडी शिल्लक होती.

मधेच ते म्हणाले, "ताई, सा लावा."

मी लाजत लावला. त्या ओसरीवर, रंध्याच्या आवाजात. त्यांनी माझ्या सावर तार पुन्हा जुळवली, मान हलवली आणि आणखी एकदा कानस फिरवली. म्हणजे जवारी नुसत्या तारेची झाली नाही, माझ्या गळ्याला ऐकून झाली. हे टपालानं वाद्य पाठवून कसं होणार? म्हणून माझं सगळ्यांना आग्रहाचं सांगणं आहे: तानपुरा पाठवू नका, तो घेऊन जा आणि जवारी होईपर्यंत तिथे बसा. शिकणारी मुलगी असेल तर तिलाच न्या, तिच्याच स्वरावर करून घ्या.

शेवटी त्यांनी तारा आणि घोडी यांच्यामध्ये सूत सरकवलं, मणी किंचित खाली ओढले आणि तानपुरा माझ्या हातात दिला. मी चारही तारा एका लयीत छेडत राहिले. खर्जाची तार तिसऱ्यांदा वाजली आणि तिच्यातून गंधार, म्हणजे ग, वर आला. कुणी लावलेला नसतो तो. चारांतल्या एकाही तारेवर गंधार नसतो, एक पंचम आणि तीन सा, एवढंच. पण खर्ज शुद्ध असला आणि जवारी खुली असली की तो आपसूक उमटतो. लहानपणी आईच्या मांडीला टेकून बसले की मला तो ऐकू यायचा आणि मी विचारायची, "आई, मधे कोण गातंय?" चाचांसमोर डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी काही न बोलता चहा मागवला.

भोपळ्याच्या कामाला रात्र लागली. चिरेच्या आतल्या बाजूनं त्यांनी कापडाची पट्टी सरसानं चिकटवली आणि बाहेरून भराव घालून रंग मिळवला. हे भोपळे खायचे नसतात, कडू आणि जाड सालीचे असतात, आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. वेलीवर धरतानाच त्यांना आकार मिळावा म्हणून शेतकरी त्यांची बैठक सांभाळतात. आम्ही होतो तेव्हाच वाळलेल्या भोपळ्यांची एक खेप आली होती. चाचांच्या नातवानं प्रत्येक भोपळा कानाशी धरून वाजवून पाहिला आणि निम्मे बाजूला काढले.

खर्च सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. माझी जवारी आठशे, तारा अडीचशे, चीर पंधराशे. पॉलिश करून घ्या असं त्यांनी सुचवलं. आईच्या बोटांनी दांडीवर जिथे रंग उडालाय तो भाग मला तसाच हवा होता, म्हणून मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. काम मुंबईपेक्षा स्वस्त झालं, पण ते स्वस्त नसतं तरी मी तिथेच गेले असते.

उणं काय? काम "संध्याकाळपर्यंत" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हातात आलं. सरस वाळायला वेळ लागतो हे नंतर कळलं, पण आधी सांगितलं असतं तर मी मुक्कामाच्या तयारीनं गेले असते. पावती मागितल्यावर मिळाली, आपणहून दिली नाही. बसायला जागा म्हणजे एक चटई, गुडघेदुखी असेल त्यांनी घडीची खुर्ची न्यावी. आणि नवा तानपुरा घेणार असाल तर दुकानात पुढे मांडलेले, फार नक्षीकाम केलेले तानपुरे आधी बाजूला ठेवा. मी चार वाजवून पाहिले. सगळ्यांत साधा दिसणारा सगळ्यांत भरदार बोलत होता.

मुक्काम पडला हे एका परीनं बरंच झालं. संध्याकाळी मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन आले. तिथेच अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 साली गेले, आणि उरुसात दर वर्षी त्यांच्या आठवणीत तिथे गायन-वादनाची सभा होते. किराणा घराण्याचा सगळा जीव स्वर लावण्यात, आणि त्या घराण्याचा हा थोर गवई तानपुरे बनणाऱ्या गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर विसावलाय. मी तिथे फक्त हात जोडून बसले, गुणगुणले नाही. उरूस चंद्राच्या तिथीवर असल्यामुळे दर वर्षी तारीख सरकते. पुढच्या खेपेला मी तो गाठून जाणार आहे.

खाण्याचं विचारणाऱ्यांसाठी: परतताना दोन किलो भडंग आणलं, त्यातलं निम्मं बाकांवर वाटून संपलं. ते नुसतं खाऊ नका, वर कच्चा कांदा आणि लिंबू हवं.

फोनमधल्या तानपुऱ्याबद्दलही सांगते. तो वाईट नाही, स्वर पक्का असतो, आणि लोकलच्या गर्दीत तानपुरा नेता येत नाही हे मला कळतं. पण त्यातला गंधार रोज एकाच जागी एकाच मापानं येतो. हातातला तानपुरा हवेप्रमाणे उतरतो-चढतो. त्याला रोज सकाळी लावावा लागतो, आणि त्या पाच मिनिटांत कान जागे होतात. वहिनींची मुलगी रविवारी माझ्याकडे येऊन बसली. मी तिला लावलेला तानपुरा दिलाच नाही. आधी खुंट्या उतरवल्या आणि म्हटलं, लाव. तिला पाऊण तास लागला. खर्ज जुळला तेव्हा ती थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, मधे कोण गातंय?"

आता त्या मैत्रिणीच्या सासूबाईंचा माळ्यावरचा तानपुराही खाली काढलाय. मे महिन्याच्या सुट्टीत मिरजेची तिकिटं काढायची आहेत. तोपर्यंत एवढं करा: ओल्या फडक्यानं पुसू नका, तारा सैल करून ठेवा, खुंट्या घसरत असतील तर त्यांना थोडा खडू लावा. गाडीत तो वरच्या बर्थवर चादरीत गुंडाळून आडवा ठेवायचा, भोपळा भिंतीकडे. आणि रात्री कुणीतरी एकानं जागं राहायचं.