आर्किटेक्टची सही आणि दहा एमएमची सळई

घराच्या वाढीव बांधकामाचे अकरा लाख चाळीस हजार रुपये देऊन झाले तेव्हा जागेवर काम होतं सव्वासात लाखांचं. हा आकडा माझा नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका इंजिनिअर काकांनी टेप लावून, एकेक वस्तू मोजून काढलेला आहे. पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण मी हे लिहिते आहे ते लोखंडासाठी.

आमचं लातूरचं घर 1997 चं. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, किल्लारीच्या भूकंपानंतर गाव सोडलं आणि इथं प्लॉट घेऊन तीन खोल्या बांधल्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती, तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या छपराचं, ओझं अंगावर आलं. मामांचा धाकटा भाऊ त्यात गेला. त्यामुळं आम्ही वरचा मजला काढायचं ठरवलं तेव्हा मामांनी एकच सांगितलं, "पैसा कमी पडला तर फरशी नंतर बसवा. लोखंडात काटकसर करू नका."

जुनं घर भिंतींवर उभं. त्या भिंतींवर नवा भार नको म्हणून बाहेरून आठ कॉलम उचलायचे, काळी माती काढून मुरमापर्यंत खड्डे घ्यायचे आणि वर दोन खोल्या बांधायच्या. खाली मामा आणि आत्यांसाठी (सासूबाईंना मी आत्या म्हणते) आतच कमोडचं बाथरूम करायचं. हे काही आमच्या डोक्यानं होणारं नव्हतं, म्हणून आर्किटेक्ट शोधला. ऑफिस चांगलं होतं. त्यानं संगणकावर घर फिरवून दाखवलं, लेकरं हरखून गेली. फी फक्त 40 हजार, त्यात रोजची देखरेखसुद्धा. "गुत्तेदार माझा रोजचा आहे मॅडम, तुम्ही शाळा करा, इकडं मी बघतो," असं म्हणाला. मी आणि हे, दोघंही नोकरीवर. आम्हाला हेच हवं होतं.

इथंच आमचं चुकलं. आर्किटेक्टची देखरेख म्हणजे गुत्तेदारावर आपल्या बाजूनं ठेवलेला डोळा. तो डोळाच गुत्तेदाराकडून टक्केवारी घेत असेल तर आपल्या बाजूला कोणीच उरत नाही. आणि फी एवढी कमी का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. ती दुसरीकडून वसूल होणार होती.

ठेका मटेरियलसह, 1,750 रुपये चौरस फूट. करार दोन पानांचा. त्यात दर होता, हप्ते होते, पण क्षेत्रफळ कसं मोजायचं याबद्दल एक ओळ नव्हती. आमचं नवं बांधकाम भिंतींच्या बाहेरून मोजलं तर 620 चौरस फूट भरतं. बिलात ते 790 झालं. छज्जे पूर्ण मोजले, जिना खाली एकदा आणि वर एकदा धरला, पुढचा ओटाही घातला. एवढ्यावरच तीन लाखांना अडीच हजार कमी. दर वेळी बिलावर आर्किटेक्टचा शिक्का आणि सही असायची, "कामाप्रमाणे बिल योग्य". ती सही बघून हे बँकेत जायचे. साडेतीन लाख तर रोख दिले, "जीएसटी वाचेल" म्हणून. त्या रोख रकमेचा आज एक कागद आमच्याकडं नाही.

पहिला संशय आला तो फरशीच्या दुकानात. आर्किटेक्टनं नेलेल्या दुकानात आम्ही टाइल्स पसंत केल्या, 61 रुपये फूट. दोन दिवसांनी रंग बदलावा वाटला म्हणून मी एकटीच गेले. काउंटरवरच्या नव्या पोरानं तीच टाइल 52 ला सांगितली. मी म्हटलं, परवा तर 61 होती. तो सहज म्हणाला, "मग ते साहेबांसोबतचं कोटेशन असेल." त्याला यात वावगं काही वाटलंच नाही, एवढी ही रीत झालेली आहे. घरी येईपर्यंत माझे हातपाय गार पडले होते. टाइलवर नऊ रुपये असतील तर स्लॅबवर किती?

त्याच आठवड्यात आत्यांनी दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून गच्चीवरचे सळईचे तुकडे मागितले. कॉलमच्या डोक्यावर पुढच्या मजल्यासाठी सळया सोडतात, त्यांची जास्तीची लांबी मिस्त्रीनं कापून टाकली होती. शेजारचा मुलगा पॉलिटेक्निकला सिव्हिल करतो. त्यानं तुकडा हातात घेतला, फिरवला आणि म्हणाला, "काकू, ही बाराची वाटत नाही. मीटरभर मोजून वजन करा. 12 एमएम 888 ग्रॅम भरते, 10 एमएम 617." बरोबर एक मीटर कापून आम्ही समोरच्या किराणा दुकानात नेला. साखर बाजूला सरकवून दुकानदारानं तो काट्यावर आडवा ठेवला. 615 ग्रॅम.

ड्रॉइंगमध्ये प्रत्येक कॉलमला 12 एमएमच्या सहा सळया होत्या. कॉलममध्ये बारापेक्षा बारीक उभी सळई चालत नाही, असं आयएस 456 हे काँक्रीट कामाचं भारतीय मानकच सांगतं. मटेरियलसह ठेका असला की जे लोखंड घातलं नाही ते थेट गुत्तेदाराच्या खिशात जातं. बाराच्या जागी दहा म्हणजे 30 टक्के लोखंड गायब. काकांनी नंतर व्हर्निअर लावून वरच्या सगळ्या सळया मोजल्या. आठपैकी पाच कॉलम दहाचे निघाले.

रिंगांचा, म्हणजे उभ्या सळयांभोवती आडव्या बांधतात त्या कड्यांचा, पुरावा तर आमच्या मोबाइलमध्येच होता. काँक्रीट भरायच्या आदल्या दिवशी मुलीचा फोटो काढला होता, कॉलमच्या पिंजऱ्याला धरून उभी. फोटो मोठा करून रिंगा मोजल्या. तिच्या उंचीच्या चार फुटांत पाच. ड्रॉइंगप्रमाणे दर सहा इंचाला एक, म्हणजे आठ हव्या होत्या. भूकंपात कॉलम फुटू न देण्याचं काम याच रिंगा करतात. लातूरमध्ये, किल्लारीपासून इतक्या जवळ, कुणाला त्या चोराव्या वाटतात हे मला अजूनही सहन होत नाही.

जाब विचारायला गेलो तर आर्किटेक्ट गुत्तेदाराकडं आणि गुत्तेदार मिस्त्रीकडं बोट दाखवायला लागला. मग काकांनी विचारलं, "कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय?" 1972 च्या आर्किटेक्ट कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी असलेल्यालाच ही पदवी लावता येते. नंबर सीए या अक्षरांनी सुरू होतो आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव तपासता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. याची नोंदणीच नव्हती. डिप्लोमा झालेले कितीतरी इंजिनिअर प्रामाणिक कामं करतात, आमच्या काकांनीही सुरुवात डिप्लोमावरच केली होती. पण पाटीवर "आर्किटेक्ट" असं खोटं लिहिणारा माणूस बिलावर खरं लिहील असं आम्ही धरून चाललो.

तुमचं काम निघणार असेल तर एवढं कराच. देखरेख करणारा आणि गुत्तेदार एकमेकांनी आणलेले नकोत. करारात मोजमापाची पद्धत लिहून घ्या, शक्य असेल तर लोखंड आणि सिमेंट स्वतः आणून फक्त मजुरीचा ठेका द्या. पैसे बँकेतूनच. काँक्रीट भरण्याआधी प्रत्येक कॉलमचा टेप लावून फोटो काढा, आणि सळई आल्या दिवशी एक मीटर तोलून बघा. स्लॅबला पाणी किती दिवस मारणार तेही आधीच ठरवा. आमच्याकडं "लातूरला पाणी कुठंय" म्हणत चौथ्या दिवशी पाणी बंद केलं आणि टँकरचं बिल मात्र बारा दिवसांचं लावलं.

फसलाच असाल तर महारेराच्या मागं वेळ घालवू नका, ते बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहे. आम्ही वकिलामार्फत नोटीस पाठवून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दोन वर्षांच्या आत करावी लागते, फी काही शेकड्यांत असते, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. बँकेतून गेलेल्या 7 लाख 90 हजारांचा हिशेब मांडता आला. रोखीचं काय होईल, देव जाणे.

पाचही कॉलमना बाहेरून नवं लोखंड बांधून जाड केलं. त्याला 1 लाख 85 हजार लागले, सोसायटीचं कर्ज काढलं. आता घर पक्कं आहे असं काकांनी लेखी दिलंय, तो कागद मी मामांना दोनदा वाचून दाखवला. सळईचं वजन कळलं त्या रात्री त्यांनी कुणाशी न बोलता आपली बाज ओढत अंगणात नेली होती. ती अजून तिथंच आहे.