लिनक्सवर गेम खेळण्यासाठी प्रोटॉन की क्लाउड स्ट्रीमिंग?

लिनक्सवर विंडोजचे गेम खेळण्याचे आज दोन प्रमुख मार्ग आहेत. १९९३ पासून विकसित होत असलेल्या वाइन या विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आधारलेले प्रोटॉन व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये स्टीम या आपल्या गेमविक्रीच्या मंचात आणले. ते गेमच्या विंडोजला उद्देशून केलेल्या मागण्या लिनक्सला समजतील अशा रूपात बदलते, तर त्यातील डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्टथ्रीडी या विंडोजच्या ग्राफिक्स प्रणालीच्या आज्ञा लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीत उतरवतो. गेम आपल्याच संगणकावर चालत असल्यामुळे प्रतिसाद तत्काळ मिळतो आणि मॉडही (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) वापरता येतात. मात्र ग्राफिक्स कार्ड पुरेसे सक्षम हवे.

खरी अडचण अँटी-चीट, म्हणजे ऑनलाइन खेळातील फसवणूक रोखणाऱ्या प्रणालींची आहे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या अशा दोन प्रणालींनी २०२१ मध्ये प्रोटॉनला पाठिंबा दिला, तरी तो सुरू करणे गेमच्या निर्मात्याच्या हाती असते. म्हणूनच फोर्टनाइट येथे चालत नाही.

तोच फोर्टनाइट जीफोर्स नाउ या क्लाउड स्ट्रीमिंग सेवेवर चालतो, कारण तेथे गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि आपल्यापर्यंत केवळ चित्र व आवाज पोहोचतो. जुना लॅपटॉपही त्यासाठी पुरतो, परंतु १०८० पिक्सेल व सेकंदाला ६० फ्रेमसाठी किमान २५ एमबीपीएस वेगाचे स्थिर इंटरनेट लागते, आणि सर्व्हर जितका दूर तितका प्रतिसादाला विलंब होतो. शिवाय विकत घेतलेला प्रत्येक गेम तेथे उपलब्ध असतोच असे नाही.

एकट्याने खेळायच्या गेमसाठी मी निःसंकोचपणे प्रोटॉनची शिफारस करेन. गूगलची स्टेडिया ही क्लाउड स्ट्रीमिंग सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हा खेळाडूंच्या हाती पैशांचा परतावा आला, गेम मात्र उरले नाहीत.