बापा, हे पेन पोटासाठी नाही, पाळण्यासाठी: सेमाग्लुटाइडचा नागपुरातला अनुभव

सेमाग्लुटाइड म्हणजे भूक मारून वजन उतरवणारं, पेनने टोचायचं इंजेक्शन. त्याबद्दल जे अनुभव वाचायला मिळतात ते बहुतेक पँटच्या मापाचे असतात. मी ते सुरू केलं ते वीर्य तपासणीच्या रिपोर्टमुळे. दिवाळी झाल्यावर पहिलं इंजेक्शन घेतलं, आता पावसाळा लागलाय. या काळात वजन, झोप, हार्मोन आणि शुक्राणू यांचं काय झालं, ते लिहितो. माझ्यासारखा एखादा पुरुष गुपचूप शोधत असेल त्याच्यासाठी.

सुरुवातीची परिस्थिती अशी. उंची पाच फूट आठ इंच, वजन 114 किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 38. आपल्या भारतीय शरीरासाठी लठ्ठपणा 25 पासूनच धरतात आणि पुरुषाची कंबर 90 सेंमीच्या आत हवी, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आई शेजारीच होती. ती म्हणाली, "पोट असलं म्हणजे खात्यापित्या घरचा दिसते ना माणूस." डॉक्टर हसले आणि रिपोर्ट पुढे सरकवला. शुक्राणू एका मिलिलीटरमध्ये 8 मिलियन. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा 16 मिलियन आहे. हालचाल 28 टक्के (मर्यादा 42), आकाराने नीट असलेले 3 टक्के (मर्यादा 4). टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, 240 (नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर), म्हणजे कमीच, तेही सकाळी उपाशीपोटी घेतलेलं. हे रक्त सकाळीच द्यायचं असतं, दुपारनंतर आकडा आपोआप खाली येतो.

पोटाचा आणि शुक्राणूंचा संबंध काय, हे धंतोलीतल्या आमच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. चरबीच्या पेशींत अ‍ॅरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. चरबी जास्त, तर हा कारखाना मोठा. वाढलेलं इस्ट्रोजेन मेंदूला सांगतं की हार्मोन भरपूर आहे, म्हणून मेंदू एलएच आणि एफएसएच ही वृषणाला कामाला लावणारी हार्मोन पाठवायचं कमी करतो, आणि वृषणाला काम करायचा हुकूमच येत नाही. त्यात इन्सुलिन चढलेलं असेल तर टेस्टोस्टेरॉनला रक्तात धरून ठेवणारं प्रथिनही उतरतं. शिवाय उष्णता. वृषण शरीरापेक्षा 2 ते 4 अंश थंड राहायला हवं, आणि मांड्या-पोटाच्या चरबीत दबून बसलं की ते जमत नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 वर असताना घट्ट जीन्स घालून स्कूटरवर फिरणाऱ्याने, आणि रात्री कूलरसमोर बसून मांडीवर लॅपटॉप ठेवणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावं.

रिपोर्टबद्दल एक सांगतोच. पहिला रिपोर्ट बर्डीतल्या एका लॅबचा होता. किती दिवस संयम होता, हे तिथे कोणी विचारलंच नाही. 2 ते 7 दिवसांचा संयम लागतो, आणि नमुना घरून न्यायचा तर तासाभरात, शरीराच्या उबेत, खिशात ठेवून न्यायचा. डॉक्टरांनी तपासणी दुसरीकडे पुन्हा करवली, आणि वर दिलेले आकडे त्या दुसऱ्या रिपोर्टचे आहेत. एका रिपोर्टवर कोणी तुम्हाला वंध्य ठरवत असेल तर उठून यावं. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरा, नाही ना, हेही हाताने तपासून बघतात. ते असेल तर वजनाच्या मागे लागून वेळ घालवण्यात अर्थ नसतो.

आता पेनबद्दल. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीत टोचायचं. डोस 0.25 मिलिग्रॅमपासून सुरू होतो आणि चार-चार आठवड्यांनी चढतो: 0.5, 1, 1.7 आणि शेवटी 2.4. सुई जाणवतही नाही. भूक मात्र अशी गेली की लग्नाच्या पंगतीत मी फक्त वाढणाऱ्यांना नमस्कार करत बसलो होतो. पहिल्या चढत्या डोसला मळमळ आणि बद्धकोष्ठ, ते सांभाळून घेता येतं. तेलकट काही खाल्लं की मात्र रात्रभर आंबट ढेकर. सावजी मटणाचा रस्सा माझ्यासाठी संपला आहे, हे मी अजून मित्रांना सांगितलेलं नाही. तर्री पोहे चालतात, तर्री वगळून, म्हणजे मग काय उरलं ते तुम्हीच ठरवा.

न उघडलेलं पेन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. उन्हाळ्यात दुकानातून घरी आणताना थर्मास आणि बर्फाच्या पिशव्या नेल्या, दुकानदाराला मी आइसक्रीमवाला वाटलो असेन. मेट्रोतून आणणं सगळ्यात सोपं, एसी असतो.

खर्चाला माझ्याकडून पाचपैकी दोनच तारे. दर महिन्याला एखाद्या गाडीच्या हप्त्याएवढे पैसे जातात.

फक्त भूक मारून भागत नाही, हे मात्र पहिल्यापासून सांगितलेलं होतं. वजनाबरोबर स्नायूही जातात, म्हणून प्रथिनं आणि वजन उचलणं दोन्ही हवं. माझ्या ताटात दोन वेळा वरण घट्ट, अंडी, सोयाबीन, ताकाचा मठ्ठा. गोळाभात रविवारी, आणि तोही वाटीभर. सकाळी फुटाळा तलावाकाठी चालणं, एप्रिलपासून पहाटे पाचला, कारण सातला ऊन अंगावर येतं.

जिममध्ये ट्रेनर म्हणाला, "काहून टेन्शन घेतो भाऊ, टेस्टोचा एक कोर्स मार, आकडा वर जाते." माझा टेस्टोस्टेरॉन कमी आहे हे त्याला कळलं होतं, तर्कही सरळ वाटतो. पण मूल हवं असेल तर ही सगळ्यात घातक गोष्ट आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू एलएच आणि एफएसएच बंदच करतो, वृषणातलं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन कोसळतं आणि शुक्राणू शून्यावरही येऊ शकतात. 1990 च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याच्या टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनची चाचणी घेतली होती, तीही पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून! इंजेक्शन बंद केल्यावर उत्पादन परत येतं, पण त्याला कित्येक महिने लागतात. माझ्यासारख्याला औषधाने आकडा वाढवायचाच असेल तर क्लोमिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्या असतात, त्या आतला कारखाना चालू ठेवतात. डॉक्टरांनी त्या राखून ठेवल्या, आधी वजनाचा परिणाम बघू म्हणाले. आतापर्यंत लागल्या नाहीत.

साळ्याने दिलेल्या झिंक-फॉलिक अ‍ॅसिडच्या डब्याचंही सांगतो. अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर याची मोठी चाचणी झाली, 2020 मध्ये ती छापून आली, आणि घेणाऱ्यांत ना वीर्य सुधारलं ना बाळं जास्त झाली. डबा कपाटात आहे. साळ्याने विचारलं की "घेतोय" म्हणतो.

मग या पेनवर भरवसा कशामुळे? डॉक्टरांनी कोपनहेगनच्या 2022 च्या अभ्यासाचं नाव घेतलं. 56 लठ्ठ पुरुषांना आठ आठवडे रोज 800 कॅलरी दिल्या. सरासरी साडेसोळा किलो उतरले आणि शुक्राणूंचं प्रमाण जवळजवळ दीडपट झालं. वर्षभरानंतर फायदा टिकला तो फक्त वजन टिकवणाऱ्यांचा. हा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण वजन उतरवून टिकवणं हेच तर पेनचं काम. 800 कॅलरी स्वतःच्या मनाने कोणी करू नये, ते देखरेखीत झालं होतं.

घोरणं इतकं होतं की झोपेची चाचणी करावी लागली. श्वास अडकत होता, म्हणून मास्कचं यंत्र, सीपॅप, आलं. पहिला आठवडा बायको हसत होती, नंतर तीच म्हणाली की कित्येक वर्षांनी झोप लागली. यंत्राने सकाळी ताजेपणा दिला, पण टेस्टोस्टेरॉन वाढवायला ते घेत असाल तर त्यात फारसं हाती लागत नाही. तो आकडा वजनाबरोबरच हलला.

बायकोला पीसीओडी आहे. तिला वाटलं आपणही पेन घ्यावं. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. बाईचं सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या आधी किमान दोन महिने बंद असायला हवं, आणि आम्ही तर दर महिन्याला प्रयत्नात होतो. तिने घरी येऊन विचारलं, "म्हणजे पोट तुझं उतरणार आणि वाट मी बघायची?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं वय 33, म्हणून वजनाला वेळ देणं परवडतं. बायको 38 ची असेल तर वर्षभर नवऱ्याच्या पोटाची वाट बघत बसणं चुकीचंच, आयव्हीएफचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाचा, विचार सोबतच करायला हवा. बॅरियाट्रिक, म्हणजे वजन उतरवायच्या, शस्त्रक्रियेचंही विचारलं होतं, माझ्या बीएमआयला ती सुचवता येते. हार्मोन आणि लैंगिक ताकद त्याने सुधारते, पण वीर्याचे निकाल मिश्र आहेत, काहींचे शुक्राणू उलट घटले. शस्त्रक्रिया करायचीच असेल तर आधी नमुना गोठवून ठेवायचा सल्ला मिळाला.

आता आकडे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, वर बाहेर यायचा वेळ, म्हणून आज केलेलं तीन महिन्यांनी रिपोर्टात दिसतं. ताप आला तरी त्याचा फटका तसाच उशिरा दिसतो. जानेवारीतल्या रिपोर्टची घाई मी केली नाही, मार्चमध्ये केला: वजन 104, शुक्राणू 13 मिलियन. या महिन्यातला: वजन 98, शुक्राणू 19 मिलियन, हालचाल 41 टक्के, आकाराचे 3 टक्के तसेच्या तसेच, टेस्टोस्टेरॉन 365. शुक्राणूंचा आकडा दर वेळी चढउतार करतो, त्यामुळे 19 चा उत्सव केला नाही, पण वळण वरच्या दिशेने आहे. सुरुवातीला थेट इक्सीची, म्हणजे प्रयोगशाळेत एकेक शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडण्याची, भाषा होती. आता घरीच काही महिने प्रयत्न, नाहीतर आययूआय, म्हणजे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं.

2.4 चा डोस मला झेपला नाही, उलट्या झाल्या, म्हणून 1.7 वर थांबलोय. थायरॉइडच्या मेड्युलरी कॅन्सरचा घरात इतिहास असेल तर हे औषध घेऊच नये, आणि पित्ताशयाचे खडे किंवा स्वादुपिंडाचा जुना त्रास असेल तर आधी सांगावं. आणि बंद केल्यावर काय, हे विचारलं होतं. त्यावरच्या एका मोठ्या चाचणीत बंद केल्यानंतर वर्षभरात उतरलेलं दोन-तृतीयांश वजन परत आलं. म्हणून बायकोला गर्भ राहीपर्यंत माझं पेन चालू, नंतर डोस हळूहळू उतरवून बघायचं ठरलंय. पुढचा रिपोर्ट पोळ्याच्या आसपास.