मॉरिशस: पॅकेजमध्ये काय मिळते आणि काय निसटते

महाराष्ट्रातून मॉरिशसला जाणारे बहुसंख्य पर्यटक सहल कंपनीचे ठरावीक पॅकेज घेऊन जातात आणि त्या पॅकेजचा साचाही ठरलेलाच असतो: किनाऱ्यावरचे रिसॉर्ट, दोन्ही वेळचे जेवण तिथेच, एक दिवस उत्तरेची फेरी, एक दिवस दक्षिणेची, एक दिवस इल ओ सेर्फ बेटावर जलक्रीडा आणि उरलेला वेळ समुद्रकाठी. अशा सहलीत आनंद मिळत नाही, असे मुळीच नाही. प्रवाळाच्या कड्याने हे बेट जवळजवळ सर्व बाजूंनी वेढलेले आहे. लाटा दूरवर त्या कड्यावर फुटतात आणि आतले पाणी उथळ व नितळ राहते, त्यामुळे लहान मुले आणि पोहता न येणारी वडीलधारी माणसेही तिथे निर्धास्तपणे पाण्यात उतरू शकतात. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, मॉरिशसचे खरे वैभव किनाऱ्यापासून आत आहे. ते पोर्ट लुईच्या बाजारात आहे, उसाच्या मळ्यांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर आहे, रस्त्याकडेच्या खाण्यात आहे, आणि पॅकेजमधून नेमके तेच निसटते.

सहलीची सुरुवात राजधानी पोर्ट लुईमधल्या आप्रवासी घाटापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. बंदराला लागून असलेली ही जागा आकाराने लहान आहे आणि तिथे भव्य असे काहीही नाही. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या, मजुरांना उतरवून घेण्याच्या पडव्यांचे अवशेष, स्वयंपाकघर आणि रुग्णालयाच्या खोल्या एवढेच काय ते उरले आहे. ब्रिटिश १८३५ मध्ये या बेटावरची गुलामगिरी संपवणार होते, त्यामुळे ऊसमळ्यांच्या मालकांना दुसरे स्वस्त मजूर हवे होते. म्हणून हिंदुस्थानातून करारावर माणसे आणण्याचा प्रयोग त्याआधीच सुरू झाला होता आणि २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर इथे पोहोचले होते. पुढे हे आप्रवासन केंद्र १८४९ मध्ये उभारले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे मॉरिशसला आली, त्यांतली बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, काही तमिळ आणि तेलुगू प्रांतांतली, तर काही मुंबई बंदरातून जहाजात चढलेली आपल्या कोकणातली. २००६ मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारसा ठरवले. त्या पायऱ्यांसमोर आपल्या माणसाने थोडा वेळ उभे राहावे, कारण रत्नागिरीकडच्या कुणा कुटुंबाने या देशात टाकलेले पहिले पाऊल इथलेच असू शकते. मजुरांच्या नोंदींची दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेली आहेत आणि मॉरिशसचे नागरिक आपल्या पूर्वजांचे नाव-गाव शोधण्यासाठी आजही तिथे जातात.

घाटापासून जवळच, जुन्या लष्करी रुग्णालयाच्या इमारतीत, गुलामगिरीविषयीचे संग्रहालय आता उभे आहे. ही दोन्ही ठिकाणे एकाच सकाळी पाहावीत. आफ्रिका आणि मादागास्करहून साखळदंडात आणलेली माणसे आणि त्यांच्या मागोमाग करारावर आलेली माणसे, या दोघांच्या घामावर हे बेट उभे राहिले. ही गोष्ट एकदा मनात बसली की, पुढे ताटात येणारा प्रत्येक पदार्थ आणि कानावर पडणारा प्रत्येक ठेका निराळा वाटू लागतो.

तिथून मध्यवर्ती बाजार चालत जाण्याइतका जवळ आहे. भाजीच्या विभागात शिरताच कोकणी माणसाला घरी आल्यासारखे वाटावे, असा माल समोर मांडलेला असतो: अळूची पाने, शेवग्याचा पाला, माठाच्या जुड्या. या साऱ्या पालेभाज्यांना तिथे ‘ब्रेद’ म्हणतात, आणि त्यांचे लसूण-आल्याचे पातळ सार भातावर ओतून, सोबत चटणी किंवा खारवलेली मासळी घेऊन जेवणे हा तिथला घरगुती बेत आहे. तो रिसॉर्टच्या बुफेत सहसा दिसत नाही, आणि हे दुर्दैव आहे.

मॉरिशसच्या खाण्यात पहिला मान मात्र धोल पुरीचा. हरभऱ्याची डाळ शिजवून, कोरडी वाटून, तिच्यात हळद-जिरे घालून मैद्याच्या उंड्यात भरतात आणि पोळी इतकी पातळ लाटतात की, तव्यावर आतली पिवळी डाळ बाहेरून दिसते. गूळ न घातलेली पातळ पुरणपोळी डोळ्यांसमोर आणली तर मराठी वाचकाला तिची नेमकी कल्पना येईल. ती देण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. विक्रेता कापडाखाली झाकलेल्या चळतीतून दोन पुऱ्या एकदम उचलतो, कारण ती जोडीनेच खायची असते. मधोमध वालासारख्या मोठ्या दाण्यांची दाट आमटी फासतो, वर टोमॅटोचे ‘रुगाय’ आणि कोथिंबिरीची चटणी घालतो, मिरची हवी का, हे मान वर न करताच विचारतो आणि कागदात गुंडाळून हातात देतो. तिखटाला होकार देताना जरा जपून द्यावा. ती वाटलेली मिरची आपल्या ठेच्याच्या तोडीची असते. रोझ हिलमधले देवा यांचे दुकान धोल पुरीसाठी प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी रास्त आहे, पण चौकाचौकांतल्या गाड्यांवरही पुरी ताजीच मिळते. हा पदार्थ संपूर्ण शाकाहारी आहे, पोटभरीचा आहे आणि तिथल्या मानाने अतिशय स्वस्त आहे. शाकाहारी प्रवाशांनी या एका गोष्टीसाठी तरी रिसॉर्टचे ‘सर्व जेवण समाविष्ट’ असलेले पॅकेज नाकारावे, असे मला मनापासून वाटते.

‘गातो पिमा’ म्हणजे डाळीचे लहान, कुरकुरीत वडे. ते लोणी लावलेल्या पावात घालून सकाळी खाल्ले जातात. उन्हात फिरून आल्यावर बाजारातच ‘आलुदा’ प्यावा: थंड दूध, सब्जाचे बी, आगर-आगरच्या जेलीचे तुकडे आणि व्हॅनिलाचा सुगंध. फालुद्याशी त्याचे नाते उघड आहे, मात्र तो फालुद्यापेक्षा पातळ आणि कमी गोड असतो, म्हणून तहान खरोखर भागते.

मासे खाणाऱ्यांसाठी ‘विंदाय’ हा शोधून खाण्याचा पदार्थ आहे. तळलेला मासा किंवा उकडलेला ऑक्टोपस हळद, वाटलेली मोहरी, लसूण, हिरवी मिरची आणि व्हिनेगर यांच्या मसाल्यात मुरवतात. तो गार झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, अधिक चांगला लागतो. गोव्याच्या विंदालूचा हा भाऊबंद असला तरी मोहरीच्या झणक्यामुळे त्याचा बाज वेगळा आहे. हक्का चिनी कुटुंबांनी आणलेले परतलेल्या नूडल्सचे ‘मिन फ्री’ आणि रश्श्यातले वाफवलेले गोळे म्हणजे ‘बुलेत’ आता साऱ्या बेटाचे झाले आहेत. फ्रेंच स्वयंपाकातली थाइमची काडी आणि आपल्याकडची कोथिंबीर एकाच टोमॅटोच्या रश्श्यात सुखाने नांदताना फार थोड्या देशांत पाहायला मिळेल. छोट्या, गोड व्हिक्टोरिया अननसाला देठाने धरून, नागमोडी खाचा पाडून, तिखट-मीठ लावून किनाऱ्यावर विकतात. तो जरूर घ्यावा.

साखरेने या देशाचे दैव घडवले, म्हणून पाम्प्लेमूसजवळच्या बो प्लाँ येथील साखर संग्रहालयाला अर्धा दिवस द्यायला हवा. १९९९ मध्ये बंद पडलेल्या कारखान्यातच ते थाटलेले आहे. जुनी यंत्रे जागच्या जागी ठेवून त्यांच्या अवतीभवती बेटाचा सगळा इतिहास, गुलामगिरीच्या कटू भागासह, नीट मांडला आहे. फेरीच्या शेवटी वेगवेगळ्या प्रतींच्या साखरेचे नमुने चाखायला देतात. फिकट सोनेरी दाण्यांपासून जवळजवळ काळ्या, ओलसर, काकवीचा वास येणाऱ्या साखरेपर्यंत चव कशी चढत जाते, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊस पिकवणाऱ्या वाचकाला विशेष भावेल. शेजारचे वनस्पती उद्यान बहुतेक सहलींत असतेच. तिथली परातीएवढ्या पानांची कमळे सर्वजण पाहतात, पण आयुष्यात एकदाच फुलून मरून जाणारा तालीपोट ताडही शोधून पाहावा.

गंगा तलाव हे डोंगरावरचे विवराचे सरोवर भारतीय पर्यटकांच्या यादीत नेहमीच असते. १९७२ मध्ये यात गंगेचे पाणी मिसळण्यात आले. काठावरची १०८ फुटी शिवमूर्ती वडोदऱ्याच्या सूरसागरातल्या मूर्तीवरून घडवलेली आहे. पुतळ्यापाशी गाडी थांबवून छायाचित्रे काढली की झाले, अशी घाई बहुतेक चालक करतात. त्याला न जुमानता पाण्याकाठच्या देवळांपर्यंत उतरावे. महाशिवरात्रीला सजवलेल्या कावडी घेऊन गावोगावचे लोक रात्रंदिवस पायी इथे येतात आणि वाटेवर सर्व धर्मांचे लोक त्यांना खाणेपिणे देतात. त्या दिवसांत वाहनाने जाणे अवघड होते, हे ध्यानात ठेवावे.

मराठी समाज मॉरिशसमध्ये संख्येने थोडा आहे, पण त्याने आपले सण टिकवले आहेत. गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते आणि मूर्तींचे विसर्जन समुद्रात व नद्यांत होते. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून आजही नाचली जाते आणि सरकारी शाळांत मराठी शिकण्याची सोय आहे. घरात तिथली क्रिओल भाषा बोलणारी तरुण मुले आरती मात्र मराठीत म्हणतात, हे ऐकताना ऊर भरून येतो. सहलीची तारीख जुळवता येत असेल, तर ती या सणाशी जुळवावी.

सेगा नृत्याबद्दल थोडे परखड लिहिणे आवश्यक आहे. हॉटेलांत रात्रीच्या जेवणाबरोबर दाखवला जाणारा झगमगीत घागऱ्यांचा कार्यक्रम हा सेगाचा पर्यटकांसाठी काढलेला अवतार आहे. युनेस्कोने २०१४ मध्ये ज्याला अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली तो पारंपरिक सेगा गुलामांच्या वस्त्यांत जन्मला. त्यात बकऱ्याच्या कातड्याचा ‘राव्हान’ हा मोठा डफ शेकोटीवर तापवून ताणतात, बियांनी भरलेला ‘मारव्हान’ हलवतात, आणि गाण्यात दुःख व थट्टा दोन्ही असतात. असा सेगा गावातल्या कार्यक्रमात ऐकायला मिळाला तर रिसॉर्टच्या रंगमंचाची आठवणही राहणार नाही.

नैर्ऋत्येचा ल मॉर्न डोंगर याच इतिहासाशी बांधलेला आहे. पळून आलेल्या गुलामांनी त्याच्या कड्यांत आसरा घेतला होता, म्हणून २००८ मध्ये तोही जागतिक वारसा झाला. वरचा टप्पा दोर धरून चढावा लागतो. तिथे वाटाड्याशिवाय जाऊ नये. याच परिसरातला बहुचर्चित ‘पाण्याखालचा धबधबा’ म्हणजे वाळू आणि गाळ उतारावरून सरकल्याने होणारा दृष्टिभ्रम आहे आणि तो फक्त आकाशातून दिसतो. हेलिकॉप्टरचा खर्च करणार नसाल तर त्याच्या अपेक्षेने जाऊ नये. शामारेलची सात रंगांची माती खरी आहे, ज्वालामुखीच्या खडकाचे विघटन होऊन ती बनली आहे, पण ती जागा लहान आहे आणि कठड्याबाहेरूनच पाहायची असते. तिथे सकाळी लवकर जावे. दुपारच्या उन्हात रंग फिके पडतात आणि बसगाड्यांची गर्दी होते. पश्चिम किनाऱ्यावर डॉल्फिनांमागे बोटी धावडवण्याचा जो प्रकार चालतो, तो मला अजिबात पटत नाही आणि वाचकांनी तो टाळावा अशी विनंती आहे.

त्याऐवजी माहेबुर्गजवळच्या इल ओ एग्रेत या छोट्या प्रवाळी बेटावर जावे. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने तिथे परकी झाडे काढून मूळ जंगल पुन्हा वाढवले आहे, गुलाबी कबुतरे सांभाळली आहेत आणि झाडोऱ्यात अल्दाब्राची महाकाय कासवे मोकळी फिरतात. डोडो याच देशाने गमावला, आणि १९७४ मध्ये रानात अवघे चार उरलेले मॉरिशस खरुची ससाणे याच देशाने वाचवले. २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ जहाज जवळच्या प्रवाळावर चढून तेल सांडले, तेव्हा सामान्य नागरिकांनी उसाचे पाचट भरून तेल अडवण्याचे तरंगते बांध शिवले. वाटाड्याकडून ती हकिकत अवश्य ऐकावी.

फिरण्यासाठी पोर्ट लुई ते क्युर्पीप मेट्रो उत्तम आहे. ती मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने बांधली आहे. बस बेटभर जातात, पण संध्याकाळी लवकर थांबतात. वाहने डावीकडूनच चालत असल्याने गाडी भाड्याने घेणेही सोपे पडते. गाड्यांवरच्या खाण्यासाठी रोख मॉरिशियन रुपये जवळ ठेवावेत. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ टाळावा. मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या सुमारास हवा सुखद असते. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्व किनाऱ्यावर वारा बोचतो, तेव्हा पश्चिमेकडे मुक्काम करावा. मुक्कामाची निम्मी रात्र-संख्या समुद्राला आणि निम्मी माहेबुर्ग किंवा रोझ हिलसारख्या गावातल्या साध्या अतिथिगृहाला द्यावी, आणि माहेबुर्गला असाल तर सोमवारचा आठवडी बाजार चुकवू नये.