पाच वॅट भरले, पण कुठल्या रंगाचे?

भोसरीत माझी छोटी शेड आहे. स्विच, चार्जर असल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पार्टवर लोगो आणि बॅच नंबर मारून द्यायचं जॉबवर्क. फायबर लेझर आधीपासून होता, पण त्याचा 1064 नॅनोमीटरचा किरण पांढऱ्या एबीएस प्लास्टिकवर पिवळट, करपल्यासारखा ठसा उठवतो. पार्टीने स्पष्टच सांगितलं, यूव्ही घ्या, नाहीतर काम दुसरीकडे देतो. यूव्हीचा, म्हणजे अतिनील, 355 नॅनोमीटरचा किरण प्लास्टिक फारसं तापवत नाही, त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड काळवंडवतो, ठसा राखाडी आणि रेखीव येतो. नवं मशीन परवडत नव्हतं. मुंबईच्या एका सेकंड-हँड मशीनवाल्याकडे 5 वॅटचं मिळालं, तीन लाख ऐंशी हजारांना.

डेमोला त्याने स्वतःहून पॉवर मीटर काढला. "शेठ, पुढच्या आरशांत थोडी पॉवर जाते. खरा आकडा क्रिस्टलच्या तोंडाशीच कळतो." किरण जिथे तयार होतो त्या हेडचं झाकण उघडलं, मला नारिंगी गॉगल दिला, डोळे सांभाळा म्हणाला, आणि मीटरचं डोकं क्रिस्टलपुढे धरलं. 5.1. मी आकड्याचा फोटोसुद्धा काढला. माणूस किती सचोटीचा, माझ्या डोळ्यांचीही काळजी करतो! मग त्याने दोन-तीन पार्ट मारून दाखवले, सावकाश स्पीडवर. छान आले.

शेडमध्ये आमच्या नेहमीच्या स्पीडवर लावलं तर ठसा फिका. स्पीड कमी केला तर रोजचा माल निघेना. तिसऱ्या आठवड्यात कमी स्पीडवरही फिका येऊ लागला. त्याला फोन केला तर म्हणे चिलरचं पाणी बदला. बदललं. मग म्हणे फोकस बघा. तोही बघितला.

मित्राचा मुलगा लेझरवर पीएचडी करतोय, शेवटी त्याला बोलावलं. पार्टवर किरण सोडणाऱ्या लेन्सखाली त्याने मीटर ठेवला: 1.1. मग विचारलं, "काका, डेमोला मीटर कुठे धरला होता?" मी फोटो दाखवला, आणि तो हसायलाच लागला.

हेडमध्ये यूव्ही थेट तयार होत नाही. आत आधी 1064 चा इन्फ्रारेड किरण बनतो. एलबीओ म्हणजे किरणाचा रंग बदलणारा क्रिस्टल. पहिला एलबीओ त्यातल्या काही भागाचा 532 चा हिरवा करतो. दुसरा एलबीओ हिरवा आणि उरलेला 1064 मिळवून 355 काढतो. क्रिस्टलचा कोन किंवा तापमान जरा हललं, किंवा क्रिस्टल झिजला, की यूव्ही घटतो आणि हिरवा, इन्फ्रारेड तसेच पुढे येतात. क्रिस्टलपुढचे खास आरसे ते गाळून यूव्ही तेवढा बाहेर सोडतात. मीटर मात्र उष्णतेवर चालतो, त्याला रंग कळत नाही. आरशांच्या आधी धरला की तिन्हींची बेरीज दाखवतो.

पोराने क्रिस्टलपुढे प्रिझम ठेवला, मोबाइल स्टँडवर लावला आणि आम्ही बाहेर जाऊन व्हिडिओ बघितला. पांढऱ्या कार्डावर हिरवा ठिपका झगझगत होता. बाजूला यूव्हीने उठलेला निळसर ठिपका, मिणमिणता. इन्फ्रारेडचा त्याने वेगळ्या कार्डावर शोधला. एकेकासमोर मीटर धरला: यूव्ही 1.2, हिरवा 1.6, इन्फ्रारेड 2.2. बेरीज 5.0, म्हणजे जवळपास डेमोचे 5.1. आणि तो नारिंगी गॉगल? तो हिरवा अडवतो. सुरक्षेसाठी योग्यच, पण डेमोत एवढा हिरवा सांडत होता आणि मला दिसला नाही, तो त्यामुळेच. गॉगल काढून बघू नका हं, डोळे जातील. मीटरच लेन्सखाली ठेवायला लावा.

निळा ठिपका बघून पोरगा म्हणाला, 1961 मध्ये मिशिगनला फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी क्वार्ट्झमधून रूबी लेझर सोडून पहिल्यांदा असा यूव्ही काढला, 347 नॅनोमीटरचा. फोटोतला ठिपका एवढा बारीक, की छापताना डाग समजून पुसला गेला म्हणतात. म्हटलं, माझ्याकडे तर पावणेचार लाखांचा डाग आहे.

मग दुसरा क्रिस्टल भिंगाखाली धरला. ज्या जागेतून यूव्ही निघतो ती जागा हळूहळू खराब होते, म्हणून मोटर क्रिस्टल सरकवून नवी जागा पुढे आणते. आमच्या क्रिस्टलच्या तोंडावर करड्या ठिपक्यांची रांगच होती, देवीच्या व्रणांसारखी. कोरी जागा उरलीच नव्हती. सॉफ्टवेअरमध्ये मात्र वापरलेल्या जागा: शून्य. कोणीतरी काउंटर पुसला होता. डेमोला करंट चढवून शेवटच्या जागेतून तेवढा निघेल तेवढा यूव्ही काढला, इतकंच.

विकणाऱ्याला फोन केला. बिलाचा तळ वाचा, म्हणाला. तिथे बारीक अक्षरात "ॲज इज व्हेअर इज" होतं, म्हणजे माल आहे तसा, आहे तिथून घ्यायचा. माझी सही त्याच्या खालीच आहे. वकिलाने नोटीस पाठवलीय. पार्टीचं काम आता चाकणला जातं.

परवा त्या विकणाऱ्याच्या स्टेटसवर दुसरं मशीन आलं, 10 वॅट. फोटोत हेडचं झाकण उघडं, मीटरचं डोकं क्रिस्टलला टेकलेलं, आणि शेजारी नारिंगी गॉगल.