सफारीनंतर समुद्र: डियानी की झांझिबार?

सफारी केनियातल्या मसाई माराची असेल आणि सोबत लहान मुलं असतील, तर माझं मत सरळ डियानीला. मोंबासाच्या दक्षिणेला असलेला हा किनारा केनियातच आहे. माराच्या धावपट्टीवरून छोटं विमान डियानीजवळच्या उकुंडाला उतरतं, म्हणजे दुसरा व्हिसा नाही की सीमा नाही. या विमानांत बहुधा माणशी १५ किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. कडक सुटकेस घरीच ठेवा. झाडांवर काळे-पांढरे कोलोबस माकड दिसले की मुलांची सफारी पुढे चालूच!

टांझानियातल्या सेरेनगेटीहून येणाऱ्यांना मात्र त्याच देशातलं झांझिबार बेट सोयीचं. स्टोन टाउन या जुन्या शहराच्या गल्ल्या, कोरीव दरवाजे, लवंगांच्या बागा. किनाऱ्यापलीकडेही बघण्यासारखं खूप. फक्त हॉटेल निवडताना भरती-ओहोटी बघा. पूर्वेकडे पाजे, जांबियानीला ओहोटीत पाणी इतकं आत जातं की मुलांना पोहायला थांबावं लागतं. उत्तरेला नुंगवी, केंडवाला ही अडचण फारशी नाही. केनियातून जात असाल तर पीतज्वराच्या लसीचा दाखला हवाच. एप्रिल-मेचा मोठा पाऊस दोन्हीकडे टाळा.